पंच्याहत्तर ग्रॅम

सकाळचे साडेसात. रात्रीपासून उपाशी.
लक्ष्मीपुरीतल्या लॅबच्या बाकावर आम्ही चौघी,
चौघींच्या मांडीवर पिशव्या,
एकीच्या पायात दोन वेगळ्या चपला.

मुलगी ग्लासात पावडर ढवळून आणते.
पंच्याहत्तर ग्रॅम. पाच मिनिटांत संपवा ताई,
उलटी झाली तर परत उद्या.

तीन महिने गुळाच्या खड्याला शिवले नाही,
आणि आज सक्तीनं गोड.

माझं सासर गुळाचं.
शाहूपुरीत रव्यांची थप्पी, सौद्याची हाळी,
नवऱ्याच्या सदऱ्याला, उशीला तोच वास.
पाव्हणा आला की आधी खडा, मग पाणी, मग नाव.
त्या घरात मी पहिल्यांदा बिनगोड चहा मागितला
तेव्हा आत्तींनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

माझ्या आईला माझ्या वेळी साखर लागली.
मी बाहेर आले, साखर राहिली.
आई पोटात सुई टोचताना खिडकीकडं बघायची,
जणू कुणी येणार आहे.

म्हणून तिसऱ्या महिन्यातच गेले मुल्लाणी मॅडमकडं.
त्यांच्या छापील कागदावर समुद्र होता:
ऑलिव्ह, अक्रोड, सामन मासा,
कुठल्या तरी निळ्या देशातल्या बायकांचं ताट.
मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडं पंचगंगा आहे.

त्या हसल्या. पेन काढलं.
सामन खोडून बांगडा,
अक्रोडाच्या जागी मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी,
पावाच्या जागी जोंधळ्याची भाकरी,
मसूर, हरभरे, मेथी, पोकळा.
आणि तांबडा रस्सा?
पेन थांबलं.
तर्री बाजूला काढून, म्हणाल्या,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

यानं होणारच नाही असं नाही.
धोका कमी होतो.
कमी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

घरी जाऊबाईंचं एकच:
दोन जिवांची बाई, दोघांचं खायचं.
दुसरा जीव तेव्हा लिंबाएवढा होता.
लिंबाला असं कितीसं लागतंय?

नवऱ्यानं तरी ऑलिव्हची बाटली आणलीच
राजारामपुरीतनं, किमतीची चिठ्ठी नखानं खरवडून.
दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर नव्हती.
सापडली कपाटात, झबल्यांच्या शेजारी.
आत्ती म्हणाल्या, अगं, ते बाळाच्या अंगाला लावायचं तेल.
तू खाणार व्हय?

दोघी हसलो, पोट धरून. मी तर दोन्ही हातांनी.
मग त्यांनीच गंधाची काडी घेऊन
बाटलीवर आडवी खूण केली:
खुणेखालचं बाळाचं, वरचं तुझं.
वरचं गेल्या मंगळवारी संपलं.
खालचं तिथंच आहे,
आत्ती रोज उजेडात धरून बघतात.

आता ग्लास.
पहिला घोट. गोड आहे,
पण या गोडाला वास नाही.
चिपाडाचा जाळ नाही, काहिलीची वाफ नाही,
कुणाचं घर नाही त्यात.

आतलं कुणीतरी दचकून कुशीवर वळतं.
इतक्या दिवसांनी हे काय, आई?
परीक्षा आहे, मी म्हणते. तुझी नाही, माझी.
तू झोप.

फोन वाजतो. मागं सौद्याचा गलका.
किती आली? नवरा विचारतो.
अजून रक्त द्यायचंय, मी म्हणते, दोन तास आहेत.
तो फोन ठेवत नाही,
मला नुसता गुळाचा भाव ऐकू येत राहतो.

समोरच्या हॉटेलात मिसळीचा कट उकळायला लागलाय,
चौघींची नाकं एकदम तिकडं.
मी शेजारणीला विचारते, कितवा?
सहावा, ती म्हणते,
आणि खाली बघते, पायांकडं.
अगं बाई.